फ्लेक्सवर काय लिहायचं आणि व्हायवात काय सांगायचं

पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. डेझर्टेशनसाठी तिने सदाशिव पेठेतल्या दोन अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या ८४ जणांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. रोज सोशल मीडियावर जाणारा वेळ आणि आत्मसन्मान यांच्यातला सहसंबंध, म्हणजे दोन मापं एकमेकांबरोबर किती बदलतात हे सांगणारा उणे १ ते १ मधला आकडा, उणे ०.३१ आला. एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरने त्याच्या शेजारी दोन चांदण्या दिल्या, म्हणजे तो ‘सार्थक’ (संख्याशास्त्राच्या निकषात बसणारा) ठरवला. बाकीचे पाच सहसंबंध सार्थक आले नाहीत. आता गाइड सर म्हणतात, शीर्षकात ‘परिणाम’ लिही, सगळे तसंच लिहितात. ज्या काकांनी आपल्या अभ्यासिकेत फॉर्म वाटू दिले त्यांना दारावर फ्लेक्स लावायचा आहे: ‘मोबाइल सोडा, आत्मविश्वास वाढवा, पुण्यातील संशोधनात सिद्ध.’ आणि घरी वडिलांनी निकाल ऐकून, राज्यसेवेची तयारी करणाऱ्या धाकट्या भावाचा स्मार्टफोन काढून घेऊन त्याला बटणांचा फोन दिला आहे. ती विचारते, ‘सहसंबंधावरून कारण सांगता येत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. मग माझ्या वर्षभराच्या कामाचा उपयोग काय? आणि खरं बोलायचं तर सर, काका आणि बाबा, तिघांनाही नाही म्हणावं लागेल. कसं म्हणू?’ पत्रासोबत तिने प्रश्नावलीची कोरी प्रत जोडली आहे.

सप्रेम नमस्कार.

‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ हे वाक्य आपल्याकडे एफवायपासून पाठ करून घेतलं जातं. टिपेत ते लिहिलं की मार्क मिळतात. त्यामुळे सहसंबंध काय नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो काय आहे असं विचारलं की चांगली चांगली मुलं गडबडतात. तुझ्या पत्रातली निराशा मला तिथून आलेली दिसते. खरं संशोधन म्हणजे कारण शोधणं, ते जमलं नाही तर हाती उरतं ते दुय्यम, असं तू धरून चालली आहेस. आधी हे गृहीतच तपासू या.

तुला काय सापडलं? तुझ्या ८४ जणांपैकी जे सोशल मीडियावर आपला जास्त वेळ जातो असं सांगतात, त्यांचे आत्मसन्मानाचे गुण इतरांपेक्षा सरासरीने काहीसे कमी आहेत. या मुलांबद्दल मेसवाल्या काकूंपासून क्लासच्या सरांपर्यंत प्रत्येकाकडे ठाम मत आहे. अभ्यासिकेत जाऊन, परवानगी घेऊन, एकेकाकडून फॉर्म भरून घेण्याचे कष्ट मात्र तू घेतलेस. त्या कष्टांतून आलेलं हे विधान पूर्ण आहे. त्याला ‘कारण’ नावाचं शेपूट जोडलं नाही म्हणून ते अर्धवट ठरत नाही.

फ्रान्सिस गाल्टनने १८८८ मध्ये सहसंबंधावर निबंध लिहिला तेव्हा तो माणसांची उंची, कोपरापासून बोटांपर्यंतची लांबी अशी मापं घेत होता. हात लांब असल्यामुळे उंची वाढते, असं त्याला म्हणायचं नव्हतं. एक माप कळलं तर दुसऱ्याचा अंदाज किती नेमका बांधता येईल, हा त्याचा प्रश्न होता. कार्ल पिअर्सनने पुढे या कल्पनेला गणिती रूप दिलं आणि तेच सूत्र आज तुझं सॉफ्टवेअर चालवतं. अंदाज बांधणं हे मानसशास्त्रात लहान काम नाही. दहावीनंतर मुलांना कल चाचणीला घेऊन जाणारे पालक तू पाहिले असशील. त्या चाचणीवर विश्वास का ठेवायचा, याच्या उत्तराचा मोठा भाग म्हणजे चाचणीचे गुण आणि पुढची प्रत्यक्ष कामगिरी यांच्यातला सहसंबंध. तिथे कारणाचा प्रश्न कुणी काढतही नाही.

शिवाय जिथे प्रयोग करताच येत नाही अशी मोठी क्षेत्रं आपल्या विषयात आहेत. अपयश, वियोग, बालपणीची आबाळ, यांपैकी काहीही आपण चिठ्ठी टाकून कुणाच्या वाट्याला देऊ शकत नाही. धूम्रपानाचं उदाहरण घे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांची तुलना करून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. रोनाल्ड फिशरसारख्या थोर संख्याशास्त्रज्ञाने त्यावर आक्षेप घेतला: सिगारेटची ओढ आणि कर्करोग, दोन्हींच्या मागे एखादा आनुवंशिक घटक असेल तर? आक्षेप तर्काला धरून होता. त्याला उत्तर मिळालं ते वेगवेगळ्या दिशांनी पुरावा गोळा झाल्यावर. १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांना धोका जास्त दिसला, सोडणाऱ्यांचा धोका कमी होताना दिसला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सरकारी आरोग्यप्रमुखाच्या) अहवालाने कारण म्हणून त्यावर शिक्कामोर्तब केलं. माणसांना सिगारेटी ओढायला लावण्याचा प्रयोग कुणीही केला नव्हता. सुरुवात निरीक्षणात दिसलेल्या संबंधापासूनच झाली, आणि सुरुवात करणाऱ्यांनी आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे नीट वेगळं ठेवलं.

आता तुझ्या आकड्याकडे येते.

उणे ०.३१ हा लहान की मोठा? मानसशास्त्रातले संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या संकेतानुसार ०.१० लहान, ०.३० मध्यम आणि ०.५० मोठा, म्हणजे तुझा मध्यम. पण याचा वर्ग कर. ०.०९६ येतो. तुझ्या ८४ जणांच्या आत्मसन्मानात जो फरक आहे, त्यातल्या साधारण १० टक्के फरकाचा मेळ सोशल मीडियाच्या वेळेशी बसतो. बाकीचे ९० टक्के दुसरीकडे आहेत. चांदण्यांकडे पाहून हे कळत नाही. चांदण्या एवढंच सांगतात की प्रत्यक्षात काहीच संबंध नसता, तर एवढा किंवा याहून मोठा सहसंबंध निव्वळ योगायोगाने क्वचितच आला असता. नमुना ४०० जणांचा असता तर ०.१० च्या सहसंबंधालाही एक चांदणी मिळाली असती. म्हणून सार्थक आणि मोठा या दोन गोष्टी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एकत्र करू नकोस. त्याऐवजी विश्वास अंतराल काढ, म्हणजे खरा सहसंबंध ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज करता येतो तो पट्टा. तुझ्या आकड्यांसाठी मी ते काढून पाहिलं: ९५ टक्के पातळीला उणे ०.४९ ते उणे ०.१०. म्हणजे खरा सहसंबंध बऱ्यापैकी मोठा असू शकतो, तसाच अगदी किरकोळही असू शकतो. फेलिक्स शोनब्रॉट आणि मार्को पेरूजिनी यांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की मानसशास्त्रात नेहमी आढळणाऱ्या आकाराचे सहसंबंध स्थिर व्हायला साधारण २५० जणांचा नमुना लागतो. एम.ए.च्या विद्यार्थिनीने ८४ जण गाठले हे कौतुकाचं आहे. फक्त दुसऱ्या दशांश स्थळाला फार मान देऊ नकोस.

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ३ लाख ५५ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांच्या माहितीवर एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये केलेला अभ्यास जरूर वाच. डिजिटल साधनांचा वापर आणि मुलांचं मनःस्वास्थ्य यांचा संबंध ऋण निघाला खरा, पण मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के एवढाच. त्याच माहितीत बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तितकाच ऋण होता. तुझे १० टक्के आणि त्यांचे ०.४ टक्के, एवढी तफावत का? वय वेगळं, मापन वेगळं, परिस्थिती फारच वेगळी. आणि लहान नमुन्यात जे सहसंबंध सार्थक ठरून नजरेत भरतात ते प्रत्यक्षापेक्षा फुगलेले असण्याची शक्यताही जास्त असते. चर्चेच्या प्रकरणात हा परिच्छेद लिहिलास तर परीक्षकांना तुझी समज दिसेल.

ते बाकीचे पाच सहसंबंध गाळून टाकायचा मोह तुला झाला आहे, हे पत्रावरून कळतं. गाळू नकोस. सहा चाचण्या केल्या आणि प्रत्यक्षात कुठेच संबंध नसला, तरी सहाही स्वतंत्र धरल्यास किमान एकीला चांदणी मिळण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या घरात जाते. तुझी पी किंमत, म्हणजे संबंध नसताना एवढा किंवा याहून मोठा सहसंबंध योगायोगाने येण्याची शक्यता, ०.००४ आहे. ०.०५ या नेहमीच्या मर्यादेला ६ ने भागलं तर ०.००८ येतात, त्या कडक निकषातूनही तुझा निकाल पार होतो. सहाही निकाल तक्त्यात मांडलेस तर तुझी बाजू उलट मजबूत होते.

सॉफ्टवेअरने दिलेला आकडा लिहून घेण्याआधी विकीर्ण आलेख, म्हणजे प्रत्येक मुलासाठी एक ठिपका असलेला आलेख, पाहिलास का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये चार छोटे माहितीसंच तयार केले होते. चारांचीही सरासरी सारखी, सहसंबंधही सारखाच, ०.८१६. आलेख काढले की एकात नेहमीचा सरळ कल, दुसऱ्यात स्वच्छ वक्ररेषा, तिसऱ्यात सरळ रेषेवरच्या ठिपक्यांतून एकच निसटलेला, आणि चौथ्यात तर एका दूरच्या ठिपक्याने सगळा सहसंबंध उभा केलेला. तुझे ८४ ठिपके एका कागदावर छापून घे आणि बघ. उजवीकडे खाली, दिवसाला सात-आठ तास सांगणारी चार-पाचच मुलं वेगळी पडली असतील, तर त्यांना वगळून सहसंबंध किती राहतो तेही काढ आणि दोन्ही आकडे दे. तेवढंच करताना गुणांकनही तपास. तू वापरलेल्या रोझेनबर्गच्या आत्मसन्मान मापनीत १० विधानं आहेत, त्यांतली पाच नकारार्थी आहेत, आणि त्यांचे गुण उलटे धरावे लागतात. घाईत हे राहून गेलं तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

वेळेच्या मापनाबद्दलही एक सांगते. ‘रोज किती तास?’ असं विचारून मिळालेलं उत्तर म्हणजे त्या मुलाचा अंदाज. माणसांनी सांगितलेला वापर आणि उपकरणात नोंदलेला वापर यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा २०२१ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दोहोंतला सहसंबंध ०.३८ च्या आसपास निघाला. स्वतःवर नाराज असलेला मुलगा ‘माझा सगळा दिवस रील्समध्ये जातो’ असं म्हणेल, त्याच्या फोनमध्ये दोन तास दिसतील. म्हणजे तू मोजलेल्या वेळेत थोडी आत्मसन्मानाचीच छटा मिसळलेली असू शकते. आता मापन बदलता येणार नाही, पण मर्यादांमध्ये हे लिही. याच विषयावर काम करणाऱ्या इतरांनी मुलांना फोनमधला स्क्रीन टाइम उघडून तो आकडा लिहायला सांगावा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लांबवलं तिच्याकडे येते. तुझ्या प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर वय आहे, मूळ गाव आहे, कोणती परीक्षा ते आहे, आणि पाचव्या क्रमांकाला एक छोटा चौकोन आहे: ‘कितवा प्रयत्न?’ पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. बहुधा ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून तो रकाना भरून घेतलास आणि विसरलीस. माझ्या मते तुझ्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची माहिती त्या चौकोनात आहे.

पहिल्यांदा पूर्वपरीक्षा देणारा मुलगा आणि चौथा अटेम्प्ट देणारा मुलगा एकाच टेबलावर बसलेले असतात, पण त्यांचं आयुष्य एक नसतं. पहिल्याच्या खोलीभाड्याबद्दल घरी अजून कुणी विचारत नाही. दुसऱ्याची गेल्या वेळची पूर्व दोन मार्कांनी गेलेली असते. गावाकडे त्याच्या बरोबरीच्यांची लग्नं झालेली असतात. दिवाळीत घरी जावं की नाही, याचा तो विचार करत असतो. त्याचा आत्मसन्मान कमी भरला तर नवल नाही. पुस्तकं त्याची तीन वेळा वाचून झाली आहेत. तेच पान पुन्हा उघडवत नाही, म्हणून तो फोन उघडतो. प्रयत्नांच्या संख्येमुळे दोन्ही गोष्टी बदलत असतील, तर फोन आणि आत्मसन्मान यांचा एकमेकांशी थेट काही व्यवहार नसतानाही तुला त्यांच्यात सहसंबंध दिसेल.

हे नुसतं बोलून सोडू नकोस, तपास. आंशिक सहसंबंध, म्हणजे तिसऱ्या गोष्टीचा वाटा बाजूला काढल्यावर उरणारा सहसंबंध, काढायला दोनच आकडे आणखी लागतात. समजा, प्रयत्न आणि सोशल मीडियाचा वेळ यांचा सहसंबंध ०.४५ आला आणि प्रयत्न आणि आत्मसन्मान यांचा उणे ०.५० आला. दोन्हींचा गुणाकार उणे ०.२२५. तो तुझ्या उणे ०.३१ मधून वजा केला की उरतात उणे ०.०८५. सूत्रातल्या छेदाने, म्हणजे इथे ०.७७ ने, भागलं की उणे ०.११. मध्यम वाटणारा सहसंबंध किरकोळ होऊन बसला. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुझे वेगळे येतील आणि कदाचित उणे ०.३१ फारसा हलणारही नाही. पण हलला की नाही, हे सांगणारं एक पान तुझ्या डेझर्टेशनमध्ये असलंच पाहिजे. शिवाय पहिला-दुसरा प्रयत्न आणि तिसरा किंवा पुढचा, असे दोन गट करून प्रत्येकात आलेख वेगवेगळा काढ. डोळ्यांना दिसेल ते सूत्राइतकंच उपयोगी ठरेल. हे विश्लेषण माहिती हाती आल्यानंतर सुचलं, हेही प्रामाणिकपणे लिही. आणि ज्या चलांची नोंदच घेतली नाही, म्हणजे घरची आर्थिक ओढ, झोप, आधीपासूनचं नैराश्य, ती कोणत्याही सूत्राने बाजूला काढता येत नाहीत, हे ध्यानात ठेव. फॉर्म कोणत्या आठवड्यात भरले त्याकडेही बघ. आयोगाचा निकाल लागला त्याच सुमाराला निम्मे फॉर्म भरले गेले असतील तर आत्मसन्मानाचे गुण तेही सांगत असतील.

आणि अभ्यासिकेत कोण भेटलं नाही? तयारी सोडून गावी परतलेली मुलं तुझ्या नमुन्यात नाहीत. अभ्यासिकेची फी परवडत नाही म्हणून कॉट बेसिसच्या खोलीतच अभ्यास करणाऱ्या मुली नाहीत. ज्यांनी आपणहून स्मार्टफोन सोडला आहे, त्यांना तू ‘शून्य तास’ म्हणून धरलंस की वगळलंस, ते पत्रावरून कळत नाही. यातल्या प्रत्येक निवडीने सहसंबंध वर किंवा खाली सरकू शकतो.

कारणाच्या दिशेचा प्रश्न राहिला. रील्समध्ये इतरांचं यश पाहून स्वतःबद्दल वाईट वाटतं, हे शक्य आहे. आधीच वाईट वाटत असतं म्हणून माणूस रील्समध्ये तोंड लपवतो, हेही तितकंच शक्य आहे, आणि दोन्ही मिळून चक्र चालू शकतं. एकाच दिवशी भरलेल्या फॉर्मवरून यातलं काय आधी घडलं ते कळायला मार्ग नाही.

आता तुझ्या तीन माणसांकडे.

सरांना नाही म्हणायची गरज पडणार नाही, असं मला वाटतं. वाद शब्दावरून सुरू झाला तर तो मानापमानावर जातो. म्हणून दोन शीर्षकं छापून घेऊन जा. एक त्यांचं. दुसरं: ‘स्पर्धा परीक्षार्थींमधील सोशल मीडियाचा वापर आणि आत्मसन्मान यांतील सहसंबंध: पुण्यातील दोन अभ्यासिकांचा अभ्यास’. आणि विचार, ‘सर, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की स्वाश्रयी चलात, म्हणजे ज्याचा परिणाम तपासायचा त्या सोशल मीडियाच्या वेळेत, तू काय बदल केलास, तर मी काय सांगू?’ हा खराच प्रश्न आहे आणि तो विचारला जाण्याची शक्यता भरपूर आहे. आपली विद्यार्थिनी व्हायवात अडकावी असं कोणत्याही गाइडला वाटत नाही. शीर्षक तरीही बदललं नाही, तर निष्कर्षाच्या प्रकरणात क्रियापदं सांभाळ. ‘वापरामुळे आत्मसन्मान घटतो’ असं नको. ‘जास्त वापर सांगणाऱ्यांमध्ये आत्मसन्मान तुलनेने कमी आढळला’ असं लिही. शिफारशींच्या पानावरही तेच पाळ. मी पाहिलेल्या बहुतेक डेझर्टेशनमध्ये घसरण त्या शेवटच्या पानावर होते. आधीची ऐंशी पानं जपून लिहिलेली असतात आणि शिफारस क्रमांक एक असते ‘विद्यार्थ्यांना मोबाइल देऊ नये’.

भावाबद्दल मला जास्त काळजी वाटली. ८४ जणांच्या एकमेकांतल्या फरकांवरून काढलेला आकडा एका मुलाच्या आयुष्यात काय बदल होईल हे सांगत नाही. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांची झोप न घेणाऱ्यांपेक्षा सरासरीने खराब असते, कारण झोपेची तक्रार असते म्हणून तर ते गोळी घेतात. पण त्यातल्याच एकाने ज्या रात्री गोळी घेतली त्या रात्री तो बहुधा बरा झोपतो. माणसामाणसांतला संबंध एका दिशेचा आणि एकाच माणसाच्या आतला उलट्या दिशेचा, हे खुशाल घडू शकतं. तुझा भाऊ त्या फोनवर काय करतो? पुण्यात एकट्या राहणाऱ्या मुलासाठी तो फोन म्हणजे मित्रांचा ग्रुप, चालू घडामोडी आणि रात्रीचा आईशी व्हिडिओ कॉल, हे सगळं असू शकतं. बाबांना गुणांक समजावत बसू नकोस. त्यांना एवढंच सांग, ‘बाबा, माझ्या अभ्यासात कुणाचाही फोन काढून घेतला नव्हता. त्यामुळे फोन काढल्यावर काय होतं हे मला ठाऊक नाही.’ हे अक्षरशः खरं आहे आणि कुणालाही कळतं. मग भावालाच विचारा की त्याला काय हवं आहे. त्याला स्वतःलाच फोन कमी करायचा असेल तर वेळ ठरवून घेता येईल, आणि तो निर्णय त्याचा राहील. हा त्याचा कितवा प्रयत्न आहे, हे तू लिहिलं नाहीस. त्याच्याशी बोलायला तिथून सुरुवात कर.

काकांचे उपकार तुला जाणवतात, ते योग्यच आहे. पण संमतीपत्रावर तू काय लिहिलं होतंस ते काढून वाच. ‘माहिती फक्त शैक्षणिक अभ्यासासाठी वापरली जाईल’ असंच असणार. ज्या मुलांनी त्यावर सही करून ‘मी काही कामाचा नाही असं मला कधी कधी वाटतं’ अशा विधानांपुढे प्रामाणिकपणे खूण केली, त्यांना रोज सकाळी दारात त्याच उत्तरांचा फ्लेक्स दिसावा, हे मला मान्य होणार नाही. तुलाही होत नाही, म्हणून तर तू पत्र लिहिलंस. काकांना हेच सांग. त्यांचीही तीच मुलं आहेत, त्यांना ते समजेल. अभ्यासिकेत शांतता हवी म्हणून फोनसाठी कप्पे करायचे असतील तर त्यांनी खुशाल करावेत, त्याला संशोधनाचा दाखला कशाला? दारावर काही लावायचंच असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावायला सांग. केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

आणि काकांची तयारी असेल तर त्यांच्याच कप्प्यांमधून तुझ्या मूळ प्रश्नाचा पुढचा टप्पा गाठता येईल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४३ विद्यार्थ्यांचे यदृच्छेने गट केले होते. एका गटाने तीन आठवडे प्रत्येक समाजमाध्यमावर रोज दहाच मिनिटं घालवायची, दुसऱ्याने नेहमीसारखं वागायचं. मर्यादा पाळणाऱ्यांमध्ये एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणं कमी झालेली आढळली. तिथलं जसंच्या तसं इथे लागू होईल असं नाही, पण आराखडा उसना घेता येतो. काकांकडे स्वेच्छेने तयार होणारी मुलं शोध, विभागाची नैतिक परवानगी घे, त्यांच्यासमोर चिठ्ठ्या काढून निम्म्यांचे फोन अभ्यासाच्या वेळेत कप्प्यात ठेव, आणि सुरुवातीला आणि तीन आठवड्यांनी दोन्ही गटांकडून तीच दहा विधानं भरून घे. कुणालाही मधेच सोडायची मुभा ठेव. परीक्षेच्या तोंडावर हे करू नकोस. मुख्य परीक्षा होऊन गेल्यानंतरचा महिना त्यासाठी बरा. डेझर्टेशन मात्र आत्ता आहे त्या माहितीवरच पूर्ण कर, आणि जमा करण्याआधी ‘कितवा प्रयत्न’चा तो रकाना एसपीएसएसमध्ये भर.